मन हेलकावे खातंय तेव्हा: ख्रिस्ती विश्वासात स्थिर राहायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय २७. चिंतेच्या दिवसात मला सगळ्यात जास्त आधार या अध्यायाने दिलाय, आणि त्यात चिंता हा विषयच नाहीये, ती एका जहाजाची गोष्ट आहे. प्रेषित पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असतात, वादळ सुटतं, कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, आणि लिहिणारा सरळ कबूल करतो की आम्ही वाचू ही आशाच उरली नव्हती. चौदाव्या रात्री खलाश्यांना वाटतं जमीन जवळ आलीय, दोर सोडून पाणी मोजतात, वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) भरतं, थोड्या वेळाने पंधरा वाव, म्हणजे आता अंधारात खडकावर आपटणार. मग ते काय करतात? जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उगवायची वाट बघत बसतात.

आमच्या घरी एक काळ असा गेला की एका तपासणीचा निकाल कळायला अकरा आठवडे लागले आणि त्याच वेळी घरातली एकुलती एक नोकरीही राहते की जाते अशी झाली होती. रात्री तीनला डोळे उघडायचे आणि परत मिटायचे नाहीत. तेव्हा मला लोकांनी "विश्वास ठेव, सगळं ठीक होईल" असं खूप सांगितलं, मनापासूनच सांगितलं, पण विश्वास ठेवायचा म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं हे फार कमी जणांनी सांगितलं. ते मला हळूहळू कळत गेलं, पवित्र शास्त्रातून, जुन्या विश्वासणाऱ्यांकडून, आणि बरंचसं चुकून. तेच इथे क्रमाने लिहितेय.

सुरू करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या

देवदूत भेटल्यावर पौलाने जहाजावरच्या लोकांना जे सांगितलं ते परत वाचा. तुमच्यातल्या कोणाच्याही जिवाचा नाश होणार नाही, फक्त जहाजाचा होईल. म्हणजे जहाज वाचेल असं वचन नव्हतंच, आणि जहाज खरंच फुटलं, २७६ माणसं कोणी पोहत कोणी फळ्या धरून किनाऱ्याला लागली. आपण बहुतेक वेळा जहाज वाचावं म्हणून देवाला धरतो, नोकरी, रिपोर्ट, नातं, घर, आणि ते मागण्यात काहीच चूक नाही, खुशाल मागा. पण मनाचं स्थैर्य त्या उत्तरावर टांगून ठेवलं तर रोजच्या बातमीबरोबर ते वर खाली होणार.

दुसरं म्हणजे भीती वाटणं हे पाप नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः म्हणाला की माझा जीव मरणाएवढा खिन्न झालाय, त्याने मित्रांना जागं राहायला सांगितलं, एकच प्रार्थना तीनदा केली. ज्याच्यावर आपण विश्वास ठेवतो त्याने ती रात्र स्वतः काढलीय, त्यामुळे तुमची छाती धडधडतेय म्हणून तुमचा विश्वास खोटा ठरत नाही.

पहिली पायरी: भीती कागदावर उतरवा

चिंता डोक्यात असते तोवर तिला आकार नसतो, धुकं असतं नुसतं. एक वही घ्या, फोन नको, आणि तीन भाग करा. पहिल्यात जे खरोखर घडलंय ते लिहा. दुसऱ्यात जे घडेल अशी भीती वाटतेय ते. तिसऱ्यात आज, फक्त आज, माझ्या हातात काय आहे ते. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा माझ्या पहिल्या भागात दोन ओळी होत्या आणि दुसऱ्यात दीड पान, तेव्हा कळलं की माझी ताकद कुठे जात होती.

मत्तय ६ मध्ये येशू "चिंता करू नका" हे एकाच प्रवचनात तीनदा सांगतो (वचन २५, ३१ आणि ३४), आणि शेवटी म्हणतो, "उद्याची चिंता करू नका, कारण उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे." उद्या दुःख नसेल असं तो म्हणत नाही, ते दुःख आजच उचलू नका असं म्हणतो. तो तिसरा भाग म्हणजे आजचा वाटा. त्यात लिहिलेलं काम, एक फोन, एक अर्ज, एक बिल, ते करून टाका. दुसरा भाग प्रार्थनेसाठी ठेवा, त्याचं काय करायचं ते पुढे येतंय.

दुसरी पायरी: देवाकडे तक्रार करायला शिका

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मला वाटतं आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे कोणी शिकवलेलंच नसतं. आपण प्रार्थनेत एकदम सभ्य होतो. आत वादळ आणि तोंडाने "प्रभू तुझी स्तुती असो", आणि मग वाटतं की प्रार्थना छतापर्यंतच जाते.

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं सरळसरळ विलापाची आहेत. स्तोत्र १३ घ्या, फक्त सहा वचनं, पण पहिल्या दोनच वचनांत दावीद चारदा विचारतो, कोठवर? कोठवर विसरशील, कोठवर तोंड लपवशील. हे देवाच्या तोंडावर विचारलंय, आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, म्हणजे देवाला असलं बोलणं चालतं, नव्हे हवं असतं. ज्याच्याशी नातं संपलंय त्याच्याकडे माणूस तक्रार करत नाही, गप्प बसतो.

करायचं असं. स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. मग त्याच घाटात स्वतःचं लिहा: दोन ओळी तक्रार (मला काय सोसवत नाहीये), दोन ओळी मागणी (मला नेमकं काय हवंय), आणि शेवटी एक ओळ भरवशाची. भरवशाची ओळ आतून येत नसेल तर खोटी लिहू नका. मार्क ९ मधल्या, आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापासारखं लिहा, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." येशूने त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याच्या मुलाला बरं केलं, आधी पूर्ण विश्वास घेऊन ये असं म्हणाला नाही.

आणि काही दिवस तेवढंही जमणार नाही, त्या दिवसांसाठी स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं, शेवटी कसलाही दिलासा नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्क बरं वाटलं, की माझ्या आधी कोणीतरी इथे बसून गेलंय आणि तरी त्याची हाक देवालाच होती.

तिसरी पायरी: चिंता टाकायची, आणि परत आली की परत टाकायची

आता तो दुसरा भाग घ्या, भीतीची यादी. पेत्राच्या पहिल्या पत्रात ५:७ ला लिहिलंय की त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका कारण तो तुमची काळजी घेतो. "टाका" साठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे तेच लूक १९:३५ मध्ये आलंय, शिष्य शिंगरावर आपली वस्त्रं टाकतात तिथे. म्हणजे अंगावरचं काढून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायचं. मला हे चित्र फार उपयोगी पडतं कारण त्यात हालचाल आहे, नुसतं चिंता विसरा असं नाही.

पौल फिलिप्पैकरांना ४:६-७ मध्ये याची रीत सांगतो, आणि हे तो कैदेतून लिहितोय हे लक्षात ठेवा. प्रार्थना, विनंती, आणि आभारप्रदर्शनासह मागणी. माझा अनुभव असा की मागणी जितकी नेमकी तितकं मन हलकं होतं. "प्रभू सांभाळ" एवढंच म्हणण्यापेक्षा "मंगळवारी त्या खोलीत बसून निकाल ऐकताना माझे हातपाय थरथरतील, तेव्हा मला तुझी आठवण दे" असं मागा. यादीतली एकेक ओळ वाचा, देवाला सांगा, आणि पुढे छोटीशी खूण करा. मग त्याच दिवसातल्या एखाद्या खऱ्या गोष्टीबद्दल आभार माना, मोठी नको, जेवण गेलं, कोणीतरी फोन केला, अर्धा तास डोकं शांत होतं एवढी पुरे. संकटाबद्दल आभार माना असं मी म्हणत नाहीये, संकटात असताना आभार मानायचेत, हा फरक महत्त्वाचा आहे.

त्यानंतर जी शांती येते ती तुमची अंतःकरणं "राखील" असं पौल म्हणतो, आणि तो मूळ शब्द पहाऱ्यावरच्या सैनिकांचा आहे. कैद्याने हा शब्द निवडला!

पण एकदा टाकली की चिंता गेली असं होत नाही. तासाभरात ती परत दारात उभी असते. मी सुरुवातीला घाबरायचे की माझी प्रार्थना फुकट गेली. तसं नसतं, परत आली तर परत टाकायची, दिवसात वीसदा आली तर वीसदा.

चौथी पायरी: रात्रीची सोय दिवसाच करून ठेवा

रात्री तीनला माणूस विचार करायच्या लायक नसतो, त्यामुळे तेव्हा काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं.

एक स्तोत्र पाठ करा. माझ्या मते २३ वं, सगळ्यांना अर्धं येतच असतं. त्यात एक गंमत आहे जी मला फार उशिरा दिसली. पहिल्या तीन वचनांत दावीद देवाविषयी बोलतो, तो मला चालवतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. आणि मृत्युच्छायेच्या दरीत पाऊल पडलं की एकदम "तू मजबरोबर आहेस". दरीत शिरल्यावर "तो" चा "तू" झाला. अंधारात अंथरुणावर पडून हे हळूहळू म्हणायचं, आणि त्या "तू" पाशी थांबायचं, घाई करायची नाही.

दुसरं, श्वासाबरोबरची छोटी प्रार्थना. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये ही फार जुनी रीत आहे: श्वास घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा", सोडताना "मज पाप्यावर दया कर". मूळ शुभवर्तमानातलंच आहे, रस्त्याच्या कडेला बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाची हाक आणि मंदिरात छाती बडवणाऱ्या जकातदाराची. शब्द शोधायला लागत नाहीत आणि श्वास लांबला की शरीरही निवळतं. सोडतानाचा श्वास घेतानाच्या श्वासापेक्षा जरा लांब ठेवा. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद दिव्यात स्तोत्र वाचा, पण फोन हातात घेऊ नका, प्लीज.

पाचवी पायरी: शरीराकडे बघा

१ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतो. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय नुकताच झालेला, तरीही. देवदूत त्याला काय उपदेश करतो? काहीच नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून खायला देतो, म्हणतो तुला वाट फार आहे. देवाचा तो मंद, शांत आवाज नंतर येतो, चाळीस दिवसांनी. म्हणून वेळेवर जेवा, चाला, चहा-कॉफी संध्याकाळनंतर कमी करा. चिंतेने आधीच जेवण सुटलं असेल तर या काळात कडक उपास धरू नका, पाळकांशी बोलून फोन-टीव्हीचा उपास करा हवं तर.

सहावी पायरी: दिवसाचा पहिला शब्द कोणाचा

बातम्या बघायच्याच नाहीत असं म्हणत नाही, पण वेळ ठरवा, दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, आणि झोपायच्या आधी नाही. सकाळी उठल्या उठल्या आधी एक स्तोत्र, मग जग. व्हॉट्सॲपवर येणारी भीतीची भाकितं, या तारखेला अमुक होणार असली, ती पुढे पाठवू नका. येशूने शिष्यांना स्वच्छ सांगितलंय की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, मग ते व्हिडिओवाल्याला कुठून कळणार.

सातवी पायरी: अंधारात मोठे निर्णय बदलू नका

येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी आत्मिक उदासीच्या काळासाठी एक नियम घालून दिलाय, की मन सुकलेलं आणि अस्वस्थ असताना, आधी शांत मनाने केलेला निश्चय बदलू नये, त्यावर टिकून राहावं. उलट थोडी जास्त प्रार्थना करावी. मी हे स्वतःसाठी साधं करून घेतलंय: घाबरून घेतलेला निर्णय आहे असं वाटलं तर किमान तीन दिवस थांबायचं आणि एका शहाण्या माणसाला विचारायचं. जिथे थांबणं खरंच शक्य नाही, जसं औषधोपचार किंवा जिवाला धोका, तिथे अर्थातच थांबू नका.

आठवी पायरी: एकटे राहू नका

मार्क २ मध्ये पक्षाघाती माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दी असते म्हणून छप्पर उघडून खाली सोडतात, आणि शास्त्र म्हणतं की येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्याला क्षमा केली. त्यांचा. बाजेवरच्याने काय विश्वास ठेवला होता ते लिहिलेलंच नाही. काही आठवडे असे असतात की तुमच्या वाट्याचा विश्वास दुसऱ्यांनी उचलायचा असतो.

तुमची चार माणसं ठरवा, चार नसतील तर दोन. त्यांना गोल गोल सांगू नका, "माझ्यासाठी प्रार्थना करा" पुरत नाही, "मला रात्री झोप येत नाही, पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी एक फोन कर आणि माझ्याबरोबर प्रभूची प्रार्थना म्हण" असं सांगा. लोक करतात, आनंदाने करतात, त्यांना फक्त काय करायचं ते माहीत नसतं.

आणि उपासनेला जा. मन लागत नसलं तरी जा, मागच्या बाकावर बसा, गाता येत नसेल तर इतरांचं ऐका. जानेवारी १७३६ मध्ये मेथडिस्ट चळवळीचे पुढे संस्थापक झालेले जॉन वेस्ली अटलांटिक पार करत होते, वादळात मोठं शीड फाटलं, पाणी डेकवर आलं, लोक किंचाळायला लागले, आणि जहाजावरचे मोरावियन पंथाचे ख्रिस्ती शांतपणे स्तोत्र गात राहिले. वेस्लींनी नंतर विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? उत्तर आलं, देवाची कृपा, नाही. वेस्ली स्वतः तेव्हा धर्मगुरू होते आणि घाबरलेले होते, ते त्यांनी रोजनिशीत लपवलं नाही. त्यांच्या स्वतःच्या मनात ती खात्री यायला मे १७३८ उजाडलं. दोन वर्षांहून जास्त! तोवर दुसऱ्यांचं गाणं त्यांच्याबरोबर होतं.

नववी पायरी: लांबण लागली तर

यिर्मया २९:११ सगळ्यांच्या भिंतीवर असतं, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. मलाही ते प्रिय आहे. पण त्याच्या आधीचं वचनही वाचा, तिथे सत्तर वर्षं लिहिलीत. हे बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे, आणि त्यातली पहिली सूचना काय तर घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, त्या नगराचं हित बघा. लवकर सुटाल असं सांगणारे संदेष्टे खोटे होते.

म्हणजे उत्तर यायची वाट बघत आयुष्य थांबवून ठेवायचं नाही. आमच्याकडे त्या अकरा आठवड्यांत मी एका शेजारच्या मुलीला गणित शिकवायला घेतलं, आठवड्यातून दोनदा, आणि ते दोन तास असे होते की त्यात मी स्वतःविषयी विचार करत नव्हते. तुम्हीही काहीतरी लावा जे वाढायला वेळ घेतं, रोप असो, शिकवणं असो, कोणाची सेवा असो.

डॉक्टरकडे कधी जायचं

हे कुठल्याही पायरीपर्यंत थांबायची गोष्ट नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, काम बिघडलेलं असेल, अचानक धाप लागून आता मरतोच असं वाटत असेल, दारू किंवा गोळ्यांवर दिवस निघत असेल, तर डॉक्टर किंवा काउन्सेलरला भेटा. जगूच नये असं मनात येत असेल तर आजच, आत्ता, जवळच्या माणसाला सांगा आणि लगेच मदत घ्या, एकटे राहू नका. कोणी म्हणेल की विश्वास कमी पडला म्हणून गोळ्या लागतात, ते ऐकू नका. पौलाच्या त्या जहाजाची हकीकत "आम्ही" असं म्हणत लिहिलीय, आणि मंडळीची जुनी परंपरा सांगते की लिहिणारा लूक होता, ज्याला पौल कलस्सैकरांच्या पत्रात "प्रिय वैद्य" म्हणतो. त्या वादळातही पौलाबरोबर एक वैद्य होता.

आणि एखादा दिवस चुकला तर

चुकणारच. चार दिवस छान जाईल आणि पाचव्या दिवशी वही उघडावीशी वाटणार नाही, मग अपराधी वाटून अजून चार दिवस जातील. रानात इस्राएल लोकांना मान्ना (देवाने दिलेलं अन्न) रोजच्या रोज मिळायचा, काहींनी सकाळपर्यंत शिल्लक ठेवला तर त्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. म्हणून मागची भरपाई करायला बसू नका, राहिलेली पाच स्तोत्रं एका दमात वाचू नका. आज जी तारीख आहे त्या क्रमांकाचं स्तोत्र काढा, तेवढं वाचा, वहीच्या तिसऱ्या भागात एक ओळ लिहा, आणि तुम्ही ठरवलेल्या माणसांपैकी एकाला फोन लावा.